ओझ्यापुरता दिवा

नाझिब्रोलाचा उजवा खांदा मार्चमध्ये निखळला.
बर्फावर घसरून नव्हे. बर्फ वितळल्यावर,
अंगणात, कोरड्या दगडावर,
हे ती अजून प्रत्येकाला बजावून सांगते.
ओनीच्या डॉक्टरने खांदा बसवला,
पण मध काढायच्या पिंपाचा दांडा
तो खांदा आता फिरवत नाही,
आणि चेस्टनटचा मध कुणाच्या खांद्यासाठी थांबत नाही.

मी म्हणालो, मोटर लावू.
ती म्हणाली, कुठली?
मी अक्रोडाखाली बोट दाखवलं.

तिथं मालखाझची झिगुली आहे,
एकोणीस वर्षं विटांवर.
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.
जाण्याआधी त्यानं गाडीत शेवटचं काय दुरुस्त केलं असेल,
तर हीटरचा पंखा.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, खुडूक बसलीय एक,
तिला उठवू नकोस.

डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर,
तीन स्क्रू; तिसरा गंजाशी लग्न लागलेला.
मोटर निघाली मुठीएवढी.
काळवंडलेलं तांबं पॉलिश पेपरनं घासलं,
सायकलची रिम पिंपाच्या आसाला,
धुलाई यंत्राचा पट्टा दोघांमध्ये.

वीजपुरवठा माझ्याकडे होता.
शाळा खालच्या गावात गेली तेव्हा
संगणक खोलीच्या यादीत सात यंत्रं होती.
मी सहा परत केली.
सातव्याच्या पोटातला हा पत्र्याचा डबा,
रंगीत आतडी बाहेर लोंबणारा.
हिरवी वायर काळीला टेकवली की तो जागा होतो.
टेकवायला काही सापडेना,
नाझिब्रोलानं केसातला आकडा काढून दिला.

डब्याचा पंखा घुमला. पिवळी मोटरला लावली.
मोटर एकदा दचकली,
टक् झालं, सगळं गप्प.
आकडा काढ, दहा मोज, परत घाल.
पुन्हा टक्.
उभं राहताना मोटर एकदम इतकं मागते
की हा घाबरून दार लावून घेतो.

मी आधी दुसरा दोष काढला.
झिगुलीचा ब्रेकचा दिवा आणून लाल वायरवर बांधला.
जुन्या डब्यांचं असं असतं,
लालला काही काम नसलं की पिवळीचा तोल जातो.
पाच व्होल्टवर तो दिवा
डाळिंबाच्या दाण्याएवढा पेटला.
तिनं विचारलं, हा कशाला?
म्हटलं, ओझं म्हणून.
ओझं हवं होतं? ती म्हणाली,
मग मला सांगायचंस, घरात चिक्कार आहे.

तरीही टक्.
संध्याकाळ झाली. चौकटी पिंपात तशाच उभ्या,
माश्यांना बातमी लागलेली.
मी आकृती काढत बसलो कागदावर,
रोध, प्रवाह, एक बाण, त्यावर खोडाखोड.

तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.
मोटर कुठल्या गाडीची? तिनं विचारलं.
तुला माहीत आहे, मी म्हणालो.
मग ढकलल्याशिवाय ती कधी चाललीय का रे?
अकरा हिवाळे मी ढकललीय,
तो आत बसून ओरडायचा, आता! आता!

डाव्या हातानं तिनं पिंपाची रिम धरली,
एक रेटा, दुसरा,
चौकटी आत हलल्या, जडपणे फिरू लागल्या,
आणि ती ओरडली, आता!

मी पिवळी टेकवली.
टक् झालं नाही.

पत्र्याच्या आत मधाचे पहिले फटकारे,
मग सलग सरसर.
मोटर तापली आणि तिच्यातून वास आला:
जळकी धूळ, ओली लोकर,
जानेवारीतल्या बंद काचांचा.
मी मधाचा नळ बघायला वाकलो होतो,
म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही.
एवढं ऐकलं,
ती स्टूल ओढून मोटरच्या अगदी जवळ बसली,
जुलैमध्ये, हात शेकायला बसावं तशी.

पिंप फिरत होतं.
ब्रेकचा दिवा लालच होता,
कुणीतरी पाय ठेवून असल्यासारखा.